करंड्यातलं मेण

नौदलाचे साहेब यायचे होते त्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं नाही. आदल्या दोन दिवशीही आलं नव्हतं, त्यामुळे त्याचं नवल नाही. नवल हे, की माझ्या परसातला हौद काठोकाठ भरलेला होता आणि त्यातलं तांब्याभर पाणी घ्यायची मला मुभा नव्हती. हौद माझा, टँकरवाल्याशी घसा फोडून भांडले ती मी, आणि त्या पाण्यावर हक्क कुणाचा, तर एका लोखंडी पेटीचा.

भिंतीपलीकडून शेखावतबाई डोकावल्या. "भाभीजी, नल में बूँद नहीं, और आपका बेटा समंदर का काम करता है!"

"आपके वो ताश का काम करते हैं," मी म्हटलं. "उसमें पानी नहीं लगता."

नवऱ्याच्या पत्त्यांचा विषय निघाला तसं त्यांचं डोकं भिंतीआड गेलं. पण खोटं नव्हतं त्यांचं. जयपुरात समुद्र कुठला? शहाऐंशी सालचा तो उन्हाळा, आधीच्या वर्षी पाऊस चुकलेला, दुर्गापुऱ्यातल्या विहिरींना तळाचा चिखल दिसत होता, आणि आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ बोलणं काय, तर जहाज, पाणबुडी, पाण्याखालचा आवाज.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आमचे हे, हिंदुराव, रेल्वेत फिटर. बदली होऊन जयपूरला आलो आणि निवृत्त झाल्यावर परत जाऊ, परत जाऊ म्हणता म्हणता ह्यांनी दुर्गापुऱ्यात घरच बांधलं. जनार्दन आमचा एकुलता एक. पंधरा वर्षं नौदलात काढून आला. नौदलातून सुटलेली माणसं कुठंतरी पक्की नोकरी धरतात, दुपारी घरी येऊन जेवतात. ह्यानं परसात पत्र्याची शेड ठोकली आणि आत लेथ, रबर शिजवायचं प्रेस आणि ती लोखंडी पेटी आणून ठेवली.

त्याचं म्हणणं काय होतं ते मला पाठ झालंय, इतक्यांदा ऐकलं. जहाजाच्या पोटाखाली सोनार म्हणून यंत्र असतं. तो जहाजाचा कान. पाण्याखालची पाणबुडी दिसत नाही, ती ऐकावी लागते. पण त्या कानाच्या शेजारीच एक मोटर चालू असते, आणि मोटर म्हटली की थरथर आली. ती थरथर लोखंडातून चढते आणि कानात शिरते. जनार्दननं किती वर्षं ते कानाचं यंत्र डोक्याला लावून ड्युटी केली. "आई, दूरचं ऐकायला बसायचं आणि आपल्याच घरातली गिरणी कानात घरघरायची," असं तो सांगायचा. म्हणून मोटरीखाली रबराच्या गाद्या घालायच्या. मोटरीची थरथर गादीनं गिळायची, वर जाऊ द्यायची नाही. अशा गाद्या मिळत होत्या, पण त्याला त्या पसंत नव्हत्या. त्याच्याहून चांगल्या मी करीन म्हणाला. नौदलाच्या माणसांना पत्रं लिहिली, आणि एकदाचं उत्तर आलं की करून दाखवा, आकडे पाठवा, मग आमचा माणूस येऊन बघेल.

तिथून आमच्या घराची शांतता गेली. थरथर मोजायला घरात थरथर आली.

पेटीत मोटर, मोटरीखाली गाद्या. पेटीच्या आत वरच्या कडीला एक बटण चिकटवायचं, कानातल्या कुडीएवढं. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, घरात सगळे बटणच म्हणतात. त्याची वायर बाहेर मीटरला. मग पेटी घट्ट बंद करून, साखळीनं हौदात सोडून, मोटर चालू करायची आणि मीटर काय सांगतो ते लिहायचं. मीटर आणि बटण एका कॉलेजच्या प्रोफेसरांकडून मागून आणलेलं. आकडा पासष्टच्या खाली यायला हवा होता. यायचा अठ्ठ्याहत्तर.

आकडे लिहायचं काम सुनेकडं. अलका बी. एस्सी. झालेली, अजमेरची, तिचे वडीलही रेल्वेतले. मराठी बोलते पण दर वाक्यात एक 'मतलब' असतो, तो माझ्या दाताखाली खड्यासारखा येतो. कपाळाला पाकिटातली टिकली लावते. सकाळी लावलेली टिकली दुपारी मला आरशावर, नळावर, एकदा तर पोळपाटाला चिकटलेली सापडली आहे.

पौषापासून वैशाखापर्यंत जनार्दननं गाद्यांच्या सोळा खेपा केल्या. जाड थरथर, म्हणजे हाताला कळते ती, दुसऱ्या खेपेलाच गेली. बारीक थरथर जाईना. ती हाताला कळत नाही, कानाला गुणगुणल्यासारखी येते, आणि सोनारला तीच नको असते. रबर नरम केलं, कडक केलं, काजळी वाढवली, कमी केली. अठ्ठ्याहत्तर. शहात्तर. ऐंशी. नवव्या खेपेला एकोणसत्तर आला, तेव्हा वाटलं आता जमलं. पण पासष्ट नाही म्हणून हा चिडला, त्या गाद्या फेकल्या आणि दुसऱ्याच रबराच्या मागं लागला. फेकलेल्या गाद्या मी उचलून आणायची. घरात हलणारी एक वस्तू उरली नव्हती. पाट, कपाट, दळणाचा डबा, माझं शिलाई मशीन, सगळ्यांच्या पायांखाली नौदलाच्या गाद्या.

"जेव तरी नीट," मी म्हणायची.

"भूक नाही."

"मोटर बंद कर, मग लागेल."

"आई, तू मध्ये बोलू नकोस."

मध्ये बोलू नकोस! माझ्या हौदात पेटी बुडवून मला मध्ये बोलू नकोस!

हे तर शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि चाळीस वर्षांच्या फिटरकीचा हिशेब सांगायचे. "आमच्या वेळी इंजिन असं थरथरायचं की डोळ्यांतलं बुब्बुळ हलायचं. कुणी मोजत नव्हतं. चालायचं."

"आबा, ते इंजिन पाणबुडी शोधत नव्हतं."

"तुझी तरी कुठं शोधतीय?"

मग तो पाना आपटायचा. माझं आयुष्य ह्या दोघांच्या मधल्या उंबऱ्यावर गेलं.

आता मेणाचं सांगते. बटण चिकटवायचं ते मेणानं. मधमाशीचं मेण, पातळ थर, वर बटण दाबायचं. मीटरच्या डब्यात सुपारीएवढी गोळी आली होती, ती मेअखेरीला संपली. जनार्दननं मालवीय नगरच्या पंसाऱ्याकडून, म्हणजे किराणा-जडीबुटीवाल्याकडून, आणलं, ते मेणबत्तीचं निघालं. लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांकडं गेला, त्यांनी लाखच दाखवली. उन्हातून फिरून आला आणि टोपी फेकून शेडमध्ये बसला. सतरावी खेप प्रेसमधून निघाली होती आणि चिकटवायला मेण नाही.

"ह्या घरात मेण नाही?" मी म्हटलं. "आणि माझ्या कपाळाला काय चुना असतो?"

आम्ही जुन्या बायका आधी कपाळाला मेण लावतो, त्यावर कुंकू. माझं मेण महाबळेश्वरकडून येतं, माझा भाऊ नागनाथ दर दोन वर्षांनी वडी पाठवतो. बाजारातलं मी कधी लावलं नाही. करंडा उघडून त्याच्यापुढं धरला.

त्यानं वास घेतला. "शुद्ध आहे ना? यात काही घातलेलं नाही ना?"

"बेचाळीस वर्षं माझ्या कपाळावर आहे. तुझ्यापेक्षा जुनं आहे. शुद्ध आहे का विचारतोस?"

त्यानं अर्धं मेण काढून घेतलं.

सतराव्या खेपेचा पहिला आकडा एकसष्ट आला.

पुन्हा घेतला, बासष्ट. पुन्हा, एकसष्ट. जनार्दन वेड्यासारखा हसायला लागला. ह्यांनी खुर्चीवरून उठून पेटीला नमस्कार केला. मी पेढे केले. आणि शेखावतबाईंना वाटी देताना सांगितलं की पाच महिने अडलेलं काम माझ्या करंड्यातल्या मेणानं सुटलं. मला काय ठाऊक होतं की हे अक्षरशः खरं होतं.

जनार्दननं तशाच आणखी पाच खेपा काढल्या, महिनाभर रोज तेच आकडे. जनार्दननं पत्र लिहिलं, काम झालं, या. फक्त अलका एक दिवस स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"आत्याबाई, ते मेण थोडं नरम आहे. मतलब, पेटी उघडली की बटण बोटभर खाली घसरलेलं असतं."

"मोटरीनं पेटी तापते. ज्येष्ठाचं ऊन आहे. माणसं घसरतायत, बटणाचं काय घेऊन बसलीस?"

"आधीचं घसरत नव्हतं."

"तुझी टिकली संध्याकाळपर्यंत कपाळावर राहत नाही, आणि माझ्या मेणाला नावं ठेवतेस?"

चार दिवसांनी ती पुन्हा तेच बोलायला लागली, तेव्हा मी तिच्या हातात परात दिली आणि कणीक मळायला लावली. त्यानंतर ती बोलली नाही.

तर, साहेब आले. कमांडर पंडित, पुण्याचे, उंच, बारीक, मला आल्या आल्या 'काकू' म्हणाले. उन्हात आलेल्या माणसाला गूळपाणी दिलं. ते ह्यांच्याशी रेल्वेबद्दल दोन शब्द बोलले आणि सरळ शेडमध्ये गेले. बरोबर स्वतःचा मीटर, स्वतःचं बटण आणि छोटी पत्र्याची डबी. डबीत मेण. पिवळं, टणक. नखानं खरवडलं तर भुगा पडला. तो त्यांनी अंगठ्यानं कडीवर घासून घासून पातळ केला आणि बटण दाबलं. मग दोन बोटांनी ओढून बघितलं. हललं नाही.

पेटी हौदात गेली. मोटर लागली. मी दारात उभी होते. मला आकडे वाचता येतात.

एकोणऐंशी.

"पुन्हा घेऊ," जनार्दन म्हणाला.

अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्यांदा एकोणऐंशी.

जनार्दननं गाद्यांचे बोल्ट तपासले, साखळी तपासली, मीटरच्या वायरी काढून घातल्या. घाम त्याच्या नाकावरून मीटरवर पडत होता. काही फरक नाही. साहेब स्टुलावर बसून अलकाची वही चाळत होते.

"हे आकडे कुणी लिहिले?"

"मिसेसनी," जनार्दन म्हणाला.

"पाच महिने सत्तर-ऐंशी. आणि मग एका दिवसात एकसष्ट, आणि महिनाभर एकसष्ट, बासष्ट." साहेबांनी वही मिटली. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. "जनार्दनराव, माझ्यासमोर एकोणऐंशी आलाय. मला कागदावर काहीतरी लिहावं लागेल. गाद्या नापास असं लिहिलं, तर तुम्ही पुन्हा करू शकता. आकडे बनवलेले होते असं लिहिलं, तर तुमच्या नावापुढं रेघ पडेल. मग कितीही चांगल्या गाद्या करा, बघायला कुणी येणार नाही. मला सांगा, यातलं काय लिहू?"

पंधरा वर्षांच्या नोकरीत जनार्दनच्या कागदावर एक काळा शब्द नव्हता.

"मी सांगत होतो," हे खुर्चीतून म्हणाले. "आकडे लिहायचं काम सुनेकडं नको."

जनार्दन अलकाकडं वळला. "काय लिहिलंस तू?"

"जे मीटरवर दिसलं ते."

"मग हे काय आहे? नीट बघत होतीस का? का एक दिवस बघायचं आणि पुढचे दहा दिवस तेच उतरवायचं?"

"मी रोज बघत होते."

आणि मी गप्प बसावं की नाही? नाही बसले. "हिला आमटीत मीठ घातलंय की नाही ते आठवत नाही," मी म्हटलं. परक्या माणसासमोर म्हटलं.

अलकानं माझ्याकडं बघितलं. मग साहेबांच्या हातातली वही मागून घेतली, एक पान उघडलं, त्यावर बोट ठेवलं. तोंडाशी काहीतरी आलं होतं. पुन्हा माझ्याकडं बघितलं आणि बोट काढून घेतलं.

मी दारातून दोन पावलं पुढं झाले. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे, लांबूनही वाचता येतं. तारखेखाली एका ओळीत लिहिलं होतं: सतरावी खेप. मेण बदललं.

"चहा टाकते," मी म्हटलं आणि आत आले.

लगेच टाकला नाही. आधण ठेवायला पाणी कुठं होतं? मडक्यातलं घेतलं, ते पातेल्यात ओतलं आणि तशीच उभी राहिले. भिंतीवरच्या आरशात बघितलं तर माझं कुंकू भुवईपर्यंत उतरलेलं. ज्येष्ठ लागल्यापासून रोज उतरत होतं, रोज पुसून सारखं करत होते. बोटानं पुसलं. बोट तेलकट झालं.

जानेवारीत इथं हाडं गोठवणारी थंडी पडते. करंड्यातलं मेण दगड होतं, कपाळाची साल निघते. ह्या वर्षी मी ते चुलीवर पातळ करून त्यात दोन पळ्या तीळतेल घातलं होतं. कोण जाणे कसं, पण ते तेल माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. का गेलं नव्हतं? जनार्दननं 'काही घातलेलं नाही ना' विचारलं तेव्हा आत कुठंतरी एक टोच लागली होती. पण त्यानं मला विचारावं ह्याचाच मला एवढा राग आला, की त्या रागात ती टोच कुठल्या कुठं गेली.

तरी मी स्वतःशी भांडले. म्हटलं, एवढ्याशा तेलानं काय होतंय? बोटाच्या पेराएवढं मेण, आणि केवढी ती मोटर! म्हटलं, गाद्याच वाईट असतील, मेणाचा काय संबंध? मग साहेबांचं ते टणक मेण आठवलं, ओढून न हलणारं बटण आठवलं, आणि अलकाचं 'आधीचं घसरत नव्हतं'. बाहेर जनार्दनचा आवाज चढला होता. तिचा आवाज येतच नव्हता. तेच मला डाचत होतं. एक शब्द बोलली असती, सासूनं दिलेलं मेण आहे, मी दोनदा सांगितलं होतं, तर मी तिच्यावर तुटून पडले असते आणि मोकळी झाले असते. तिनं ती सोयच ठेवली नाही.

शेवटी चहा केला, ताटात चार कप ठेवले आणि मधोमध करंडा.

"अगं, करंडा काय आणलास?" हे म्हणाले. "इथं काय हळदीकुंकू आहे?"

"तुम्ही गप्प बसा." मी करंडा साहेबांसमोर स्टुलावर ठेवला. "साहेब, तुमच्या डबीतलं मेण पुसून काढा. हे लावा. आणि पुन्हा मोजा."

"आई, ही वेळ आहे का?" जनार्दन ओरडला.

"काकू, हे काय आहे?"

"आधी मोजा."

साहेबांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग रॉकेलच्या फडक्यानं कडी पुसली, कुंकू बाजूला सारून मेण घेतलं, लावलं. बटण दाबलं. ओढून बघितलं तर ते लोण्यावर ठेवल्यासारखं सरकलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. पेटी बंद केली, हौदात सोडली. गाद्या त्याच, मोटर तीच.

बासष्ट.

साहेबांनी मोटर बंद केली.

"यात काय घातलंय?"

"तीळतेल. दोन पळ्या."

"ह्यांना माहीत होतं?"

"नाही. ह्यानं मला विचारलं होतं. मी उलट ह्यालाच झापलं."

साहेबांनी बोटावरचं मेण अंगठ्यावर चोळलं. "जाड थरथर ह्यातूनही वर जाते. पण बारीक थरथर असल्या मऊ थरात जिरते, काकू. बटणापर्यंत पोचतच नाही. मेणाचं काम फक्त धरून ठेवायचं. गिळायचं काम रबराचं."

मला समजलं. रबरानं गिळायचं ते माझ्या मेणानं गिळलं होतं. गाद्या होत्या तिथंच होत्या. महिनाभर आम्ही सगळे माझ्या करंड्याची थरथर मोजत होतो आणि पेढे खात होतो.

जनार्दननं हातातला पाना टाकला. तो हौदात पडला. "महिना गेला माझा! आई, महिना! पाच खेपा केल्या मी त्यानंतर, सगळ्या ह्याच मेणावर! तुला एक शब्द सांगता आला नाही?"

"नाही आला."

"मी विचारलं होतं तुला!"

"विचारलं होतंस. ओरड, माझ्यावर ओरड. तिच्यावर जे ओरडलास ते मात्र परत घे. ती मला दोनदा सांगायला आली होती, मी तिला कणीक मळायला बसवली."

तो अलकाकडं बघेना. तीही त्याच्याकडं बघेना. ती हौदाच्या काठावर वाकून पाना कुठं पडलाय ते बघत होती.

"म्हणजे," हे हळूच म्हणाले, "गाद्यांऐवजी मोटरीखाली हेच मेण लावलं तर?"

साहेब हसले. मग त्यांनी अलकाला वही मागितली, ती ओळ बघितली आणि तिलाच विचारलं, "मेण बदललं हे तुम्ही लिहिलंत. मघाशी दाखवत का नव्हता?"

"घरातली गोष्ट होती," ती म्हणाली.

साहेबांनी कागद काढला. मी पुढ्यातच उभी राहिले. "काय लिहिताय?"

"गाद्या नापास. आधीचे आकडे चुकीच्या मेणामुळे, बनवलेले नाहीत. माझ्यासमोर तपासलं. दसऱ्यापर्यंत पुन्हा मुदत."

"माझं नाव लिहा. तारामती हिंदुराव. नाहीतर वाचणारा म्हणेल सुनेनं केलं."

"नावाला रकाना नाही, काकू."

"मग कसली तुमची ही सरकारी कागदं," मी म्हटलं. त्यांनी चहा घेतला. गार झाला होता, तरी घेतला.

ते गेल्यावर जनार्दन पत्र्यावर डोकं टेकून बसला. मला वाटलं, रेघ पडली नाही, निदान त्याचं तरी बरं वाटेल ह्याला. पण नापास तो नापासच. सहा महिने, बावीस खेपा, आणि एकोणऐंशी. मला त्याचा राग येत होता, माझा येत होता, त्या दोन पळ्या तेलाचा येत होता. थंडीत कपाळ फुटलं असतं तर काय झालं असतं? लोक काय कपाळ बघायला येतात?

अलका वही घेऊन जमिनीवर बसली होती. लाल पेन्सिलीनं तिनं महिनाभराची पानं एकेक करून खोडली. मग मागची पानं उलटत गेली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "अहो, चांगल्या मेणावर सगळ्यात कमी नववी खेप आहे. एकोणसत्तर. मतलब, आपण तिथून पुढं जायला हवं होतं. तुम्ही ती फेकली."

जनार्दननं डोकं उचललं. "नवव्याचं रबर कसं होतं?"

"वहीत आहे. पण गाद्या हव्यात. कापून बघायला."

त्यानं शेड उलटीपालटी केली. पोतं ओतलं, डबे ओतले. मी पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हटलं, "माझ्या शिलाई मशीनखाली बघ."

दोघंही घरात पळाले. चारही गाद्या ओढून काढल्या. तेव्हापासून मशीनचं चाक फिरवलं की सगळं घर हादरतं आणि भांडी वाजतात. ह्यांना विचारलं की म्हणतात, आमच्या इंजिनासारखं वाटतं.

मी माझी ट्रंक उघडली. तळाशी, लग्नातल्या शालूखाली, नागनाथनं पाठवलेली नवी वडी होती, फडक्यात बांधलेली, चूल न बघितलेली. ती आणून अलकासमोर ठेवली.

"ही घे. माझ्या कपाळाला तेलाचं चालतं. तिथं कोण मीटर लावतंय."

तिनं वडी हातात घेतली, उलटीसुलटी केली. "आत्याबाई, यात तेल नाही ना?"

"नाही."

तिनं मान हलवली. आणि मग, माझ्यासमोर, नखानं वडीचा कोपरा खरवडला. पिवळा भुगा पडला. तो बोटावर घेऊन तिनं चोळला, उजेडाकडं धरून बघितला.

मस्तकात तिडीक गेली माझ्या. दोन्ही ओठ दाबून उभी राहिले. तिचं बघून झालं, तेव्हा म्हटलं, "दुसरा कोपराही बघ."

तिनं तोही बघितला.